सांता वेनेरा दोनाताच्या दारात अडते

"अडली! अडली! सांता वेनेरा अडली!"

बुरुजाखालच्या गल्लीत एकच कल्लोळ उठला. बँडवाल्यांचे कर्णे अर्ध्यावर गप्प झाले, म्हाताऱ्यांनी तिथंच दगडी फरशीवर गुडघे टेकले, बायका छाती पिटू लागल्या. काल्विनेरा गाव बघायला आलेल्या परदेशी पाहुण्यांनी कॅमेरे सरसावले. ते बिचारे नॉर्मन काळातला जुना बुरूज आणि कॅथेड्रलची गोल खिडकी बघायला आले होते. चमत्कार त्यांना वर फुकट मिळाला.

सांताची, म्हणजे गावाला सांभाळणाऱ्या संतिणीची, पालखी खरोखरच जागच्या जागी खिळली होती. भोई कण्हत होते, मानेच्या शिरा तटतटल्या होत्या, आणि मूर्ती तसूभर पुढं सरकत नव्हती. बरं, अडली ती अडली कुठं? तर बुरुजाला चिकटलेल्या दोनाताच्या घरासमोर!

पालखीपुढं चांदीच्या मुठीची काठी घेऊन कोसिमोकाका उभा होता. सांताच्या बंधुमंडळाचा प्रमुख, गावातल्या दोन खाणावळींचा मालक, आणि सांताचा स्वयंघोषित दुभाषा. सांताला काय म्हणायचंय ते दरवर्षी एकट्या कोसिमोकाकालाच ऐकू यायचं. तिला दुसऱ्या कुणाशी बोलायची बंदी असावी.

"आई, का गं अशी जड झालीस?" त्यानं गळा काढला. "कुणाचं पाप तुझ्या अंगावर आलं? बघा, बघा, कशी बघतेय त्या दाराकडं! मी काही बोलत नाही हं. मी पामर काय बोलणार? आईच बोलतेय!"

"दोनाता!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. "हिच्याच नजरेनं पोर गेली!"

पोर गेली ती पांतालेओ मोच्याची. महिन्यापूर्वी बुरुजाचा एक दगड निखळला आणि दोनाताच्या पायरीवर खेळणाऱ्या त्याच्या मुलीच्या डोक्यात पडला. पोर जागीच संपली. तेव्हापासून गावात कुजबुज सुरू झाली, की दोनाताची नजर वाईट आहे, ती ज्याच्याकडं बघते त्याचं वाटोळं होतं. या दोनाताचं घर पाहुण्यांसाठी झकास होतं, प्रत्येक खिडकीतून बुरूज दिसायचा. कोसिमोकाकानं ते अनेकदा मागितलं होतं, आणि गेल्या खेपेला तिनं त्याला झाडू दाखवला होता. कुजबुज त्याच आठवड्यात सुरू झाली, पण हा योगायोग कुणाच्या ध्यानात यायला नको का!

एकाच्या ध्यानात आला होता. तो या क्षणी पालखीखालीच होता. ओरोंत्सो मास्तर, शाळेत विज्ञान शिकवणारा, समोरच्या डाव्या दांड्याला तिसरा.

काल्विनेरात पालखीखालची जागा बापाकडून मुलाकडं येते. माणूस एक वेळ ऑलिव्हची बाग विकेल, दांड्याखालची जागा विकणार नाही. मास्तरचा बाप हिवाळ्यात वारला आणि जागा याच्याकडं आली. आयुष्यभर बापलेकांचं यावरून वाजायचं. बाप म्हणायचा, "तुझी पुस्तकं घाल चुलीत! सांता अडते तेव्हा दांडा खांद्यात शिरतो रे. माझ्या खांद्याला विचार!" आणि बाप कधी खोटं बोलायचा नाही, हीच तर पंचाईत होती.

गेल्या वर्षी सांता भटारखानेवाल्या नुन्त्सियोच्या दारात अडली होती. लोकांनी त्याला त्याच्याच पाव भाजायच्या फळ्यांनी झोडपला, बरगड्या मोडल्या. तो रातोरात बायकापोरांसकट उत्तरेला पळाला. आज त्याच्या घरावर कोसिमोकाकाच्या खाणावळीची गुलाबी पाटी आहे. यंदा पाळी कुणाची, हे मास्तरनं कधीच ताडलं होतं. आणि दोनाता म्हणजे त्याची कोणी परकी नव्हती. त्याची आई बाळंतपणातच गेली तेव्हा या बाईनं स्वतःच्या पोराबरोबर त्याला अंगावर पाजलं होतं. म्हणून जन्मात पहिल्यांदा त्यानं तो पांढरा झगा चढवला. चमत्कार आतून बघायचा होता त्याला.

आणि खोटं कशाला सांगा, पहिल्या क्षणी त्याची गाळणच उडाली. दांडा खरंच खांद्यात शिरला! डोळ्यांपुढं काजवे चमकले. बाबा खरं बोलत होते की काय?

तेवढ्यात पहिला दगड सुटला. दोनाताची काच खळ्ळकन फुटली. पाठोपाठ दगडांचा पाऊसच. पांतालेओनं कुठून तरी कुऱ्हाड आणली आणि दारावर घाव घालायला सुरुवात केली.

"अरे, काय करताय? सोडा तिला!" मास्तर ओरडला, पण त्या गदारोळात कोण ऐकतंय!

दार मोडलं. दोनाताला केसांना धरून पायरीवरून फरफटत खाली आणलं. साठीची बाई, अंगावर घरातला काळा पातळ झगा, पायात काही नाही. कुणीतरी तिच्या तोंडावर लाथ घातली. तिनं डोकं वाचवायला हात वर केला, तर तो हात धरून पिरगळला. हाड मोडल्याचा आवाज मास्तरला पालखीखाली ऐकू आला.

"डोळे फोडा सटवीचे! नजरच जाऊ दे तिची!"

"मला मारा, पण माझं ऐकून तरी घ्या रे!" दोनाता किंचाळली. "पांतालेओ, तुझी पोर माझ्या मांडीवर खेळायची रे!"

पांतालेओनं तिच्या पोटात लाथ मारली. तो रडत होता आणि मारत होता.

मास्तरचं डोकं आता भणभणत होतं, पण चालतही होतं. मूर्ती लाकडाची. सकाळी होती तेवढीच आत्ता. मग वाढलेलं वजन आलं कुठून? पुढं सहा, मागं सहा, हे बारा भोई सगळ्यांना दिसतात. मधले चौघे दिसत नाहीत, कारण मधे मखमलीची झालर थेट जमिनीपर्यंत सोडलेली. आणि त्या चार जागांवर होते कोण? कोसिमोकाकाचे चार पुतणे, एकेक रेड्यासारखा. मघाशी काकानं काठी फरशीवर दोनदा आपटली होती, आणि त्याच क्षणी दांडा जड झाला होता.

त्यानं मोकळ्या हातानं पाठीमागची झालर उचलली आणि आत डोकावला. चारही पुतणे दांड्याला कोपरं अडकवून, पाय पोटाशी घेऊन वटवाघळांसारखे लोंबकळत होते! एक जण तर मजेत काहीतरी चघळत होता.

संतापानं मास्तरच्या अंगाची लाही लाही झाली. बाबा बिचारे खरंच बोलत होते. वजन वाढतच होतं, फक्त ते सांताचं नव्हतं.

"आत बघा!" तो बेंबीच्या देठापासून ओरडला. "ही झालर उचलून आत बघा!"

कोसिमोकाका झेप घेऊन पुढं आला. चांदीची मूठ सणकन मास्तरच्या तोंडावर बसली. दोन दात निखळले. दुसरा तडाखा कानशिलात. मास्तर कोसळला, पण झालर त्याच्या मुठीत घट्ट होती. तो खाली पडला तशी टराटरा फाटत सगळी मखमल त्याच्याबरोबर खाली आली.

गल्लीला चारही पुतणे दिसले. पाय अधांतरी, तोंडं उघडी.

कोसिमोकाकाला मात्र लगेच सुचलं. "चमत्कार!" तो ओरडला. "आईनंच उचललंय त्यांना! अधांतरी तरंगताहेत माझी लेकरं!"

मास्तरनं तोंडातलं रक्त थुंकलं. "तरंगताहेत ना? मग दांडा सोडायला सांगा की. सोडून तरंगू देत."

"आईची परीक्षा घ्यायची नसते!"

"परीक्षा आईची नाही, तुमच्या पुतण्यांची आहे. सोडा रे दांडा!"

थोरल्याच्या हाताला आधीच कळ लागली होती. तो धपकन फरशीवर आपटला. धाकट्यांचाही धीर सुटला आणि ते एकामागून एक पिकल्या अंजिरासारखे खाली पडले. तशी पालखी एकदम वर उसळली आणि पुढचे भोई तोल जाऊन दोन पावलं धडपडले.

"अगं आई, हलकी झाली!" उजव्या दांड्याचा म्हातारा भोई रडवेला होऊन म्हणाला. "इतकी वर्षं... इतकी वर्षं मी यांना वाहत होतो?"

"यांनाच," मास्तर म्हणाला. "बारा जणांनी मूर्तीही उचलायची आणि चार रेडेही. मग दांडा खांद्यात शिरणार नाही तर काय होणार!"

आता गर्दी उलटली. ज्या हातांनी दोनाताचे केस उपटले तेच हात पुतण्यांच्या नरड्याकडं गेले. थोरल्याचं नाक फुटलं, धाकट्याच्या पाठीत काठ्या बसू लागल्या. पांतालेओ कुऱ्हाड उगारून कोसिमोकाकावर धावला. काका आता खरंच पामर झाला, सांताला सोडून भिंतीला चिकटला आणि पोलिसांच्या नावानं बोंबलू लागला.

मास्तर उठला आणि कुऱ्हाडीला आडवा उभा राहिला.

"हो बाजूला मास्तर! यानंच मला फसवलं!"

"फसवलं खरं. म्हणून कापशील होय? मघाशी यानं बोट दाखवलं, तुम्ही दोनाताला मारलं. आता मी दाखवलं, तुम्ही यांना मारताय. मग मी आणि हा कोसिमो, फरक काय आमच्यात? तुमचं डोकं आहे कुठं रे?" त्याच्या फुटलेल्या ओठातून शब्द नीट निघत नव्हते, तरी तो बोलत राहिला. "पांतालेओ, तुझी पोर नजरेनं नाही मेली. बुरूज शेकडो वर्षांचा झालाय, सांध्यातला चुना झडलाय. पाहुण्यांना छान दिसावा म्हणून आपण त्याला भोकं पाडून रंगीत दिवे लावले. दगड बसवायला कुणी वर चढलं नाही. मी सांगत होतो तेव्हा सगळे हसलात. जा, आत्ता वर जाऊन बघ, अजून किती दगड हलताहेत ते. आधी बघा, हात लावून बघा, विचारा! मारणं सोपं असतं. बघायला काय जातं तुमचं?"

पांतालेओनं मान वर करून बुरुजाकडं पाहिलं. त्याच्या हातातली कुऱ्हाड खाली आली. पोलीस आले ते जेवणाचे रुमाल गळ्यातच ठेवून, आणि कोसिमोकाकाला पुतण्यांसकट घेऊन गेले.

चार दिवसांनी पांतालेओ दोनाताच्या घरी आला. दाराला फळ्या ठोकल्या होत्या. ती खाटेवर होती, हात प्लास्टरमध्ये, एक डोळा सुजून बंद. शेजारी मास्तर तिला चमच्यानं सूप भरवत होता. पांतालेओ उंबऱ्यातच गुडघ्यांवर बसला.

"मावशी, चुकलो. माफ कर गं. ते चौघं आत लोंबकळताहेत हे आम्हाला काय माहीत! आम्हाला वाटलं, सांता खरंच अडली."

दोनातानं चमचा बाजूला सारला आणि उघड्या डोळ्यानं त्याच्याकडं बघितलं.

"आणि खरंच अडली असती तर?" ती म्हणाली. "तर माझा हात मोडलात ते बरोबर ठरलं असतं का रे?"

पांतालेओ तिच्या प्लास्टरमधल्या हाताकडं बघू लागला.

"जा," दोनाता म्हणाली. "गावात सगळ्यांना हेच विचार. उत्तर मिळालं की ये, मग माफीचं बघू."