भलत्याच घरची कवळी

मी एक कवळी बोलतेय. हो, हो, दातांचीच. वरची, खालची, गुलाबी हिरड्यांसकट अगदी शाबूत. हसू नका. बोलणं हेच माझं काम होतं, आणि मला काचेच्या ग्लासात पाण्यात बुडवून कित्येक वर्षं गप्प बसवलंय. आज तोंड उघडायची संधी मिळालीय, तर आता पुरतं ऐकूनच उठा.

एका दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत माझा जन्म झाला. आधी मेणात दात बसवून पाहिले, मग साच्यात घातलं, मग घासूनपुसून चकचकीत केलं. माझा कारागीर मोठा चिकाटीचा माणूस. एकेक दात लावताना आधी स्वतःचे दात चावून बघायचा, मग मान हलवायचा. ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं तो होता एक न्हावी. तो रोज येऊन कटकट करायचा, "उरका हो लवकर! मी बोलतो ते गिऱ्हाइकांना कळत नाही. नुसती दाढी करून धंदा चालतो का?"

खरंच होतं त्याचं. गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा ठेवून हा गावभरच्या बातम्या सांगायचा. कुणाचं लग्न मोडलं, कुणाच्या छताला गळती लागली, कुणी कुणाशी अबोला धरला. संध्याकाळपर्यंत माझ्या हिरड्या ठणकायच्या. तेव्हा मी कुरकुर करायचे. आता वाटतं, काय दिवस होते ते!

मग न्हाव्याचं पोट दुखायला लागलं आणि आम्ही मोठ्या दवाखान्यात भरती झालो. शेजारच्या खाटेवर भूगोलाचे एक निवृत्त मास्तर होते. दोन खाटांच्या मधे एकच छोटं टेबल, त्यावर दोन सारखेच ग्लास. एकात मी, दुसऱ्यात मास्तरांची कवळी. ती फार शिष्ट होती, माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

एके दिवशी भर दुपारी न्हाव्याला तपासणीसाठी चाकाच्या खुर्चीवर बसवून खाली नेलं, आणि इकडे मास्तर गेले. त्यांची बायको उशाशी बसून होती. मुलगा मात्र खाली गाडी लावायला जागा शोधत चकरा मारत होता. धापा टाकत वर आला तोवर सगळं संपलं होतं. काय करावं ते त्याला सुचेना. नर्स म्हणाली, "त्यांचं सामान तेवढं गोळा करा." त्याने चष्मा घेतला, घड्याळ घेतलं, टेबलावरचा ग्लास दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि चालू लागला.

अहो, पण कुठला ग्लास? माझा! कपाळ माझं! मी ओरडणार कशी? ओरडायला माणसाची जीभ लागते, आणि माझ्या न्हाव्याची जीभ तेव्हा खालच्या मजल्यावर होती.

तेव्हापासून मी या घरात आहे. स्वयंपाकघराच्या फळीवर, घड्याळ आणि चष्म्याच्या शेजारी. ती दोघं खरोखर मास्तरांची. चष्मा माझ्याकडे काचा तिरक्या करून बघतो. मी तरी काय करू, मी का स्वतःच्या पायांनी आले?

आणि या मुलाचं काय सांगू! भला मोठा माणूस, डोक्यावरचे केस विरळ झालेत, हाताखाली दहाजण काम करतात. पण रोज कामावर निघताना माझ्यापुढे उभा राहतो आणि म्हणतो, "बाबा, येतो हं." मला! एका न्हाव्याच्या दातांना! घरी कुणी आलं की ठरलेली गोष्ट सुरू. "मी गाडी लावत बसलो हो, आणि बाबा गेले. शेवटचं भेटणंसुद्धा झालं नाही. माझ्या हातून काहीच झालं नाही. निदान त्यांचे दात तेवढे जपून आणले." एवढं बोलून तो डोळे पुसतो. पाहुणे माझ्याकडे बघतात, मी त्यांच्याकडे दात काढून बघते. दुसरं काय येतं मला?

एकदा नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला तहान लागली. त्याने फळीवरचा ग्लास उचलला, तोंडाला लावला, आणि माझ्याकडे नजर जाताच अशी बोंब ठोकली की हातातला पाना पायावर पडला. वाटलं, आता तरी आपली सुटका होईल. कसचं काय! मुलाने फक्त ग्लासवर झाकण आणून ठेवलं. आधी नुसती बुडालेली होते, आता कोंडलीही गेले.

माणसांची ही खोडच आहे. जिवंत माणसाशी चार शब्द बोलायला वेळ नसतो आणि तो गेला की त्याच्या वस्तूंशी रोज गप्पा. या घरात एक फुटकी छत्री आहे, बंद पडलेला रेडिओ आहे, मास्तरांनी अर्धवट सोडलेली औषधाची बाटलीसुद्धा आहे. टाकायचं नाव काढलं की मुलाचा चेहरा पडतो. मग वस्तू परत जागेवर.

या सगळ्या घरात माझी बाजू घेणारी एकच. सून. "अरे, दुसऱ्या कुणाला घालता येत नाहीत, कुणाला देता येत नाहीत. ठेवायचे कशाला?" असं ती दर साफसफाईला विचारायची. शाबास, असं मी मनात म्हणायचे. माझी सगळी भिस्त तिच्यावर होती.

अखेर ती वेळ आली. हे घर सोडून लहान घरात जायचं ठरलं. खोल्या दोनच, त्यामुळे निम्मं सामान टाकणं भाग होतं. सून पदर खोचून उभी राहिली. नेण्याचं एकीकडे, टाकण्याचं एकीकडे. रेडिओ गेला, छत्री गेली, औषधाची बाटली गेली. मुलगा खाली ट्रकवाल्याशी बोलत होता, त्याचा आवाज वर येत होता. सुनेने झाकण काढलं, मला बाहेर घेतलं आणि काळ्या पिशवीचं तोंड उघडलं. मी आनंदाने वाजायचीच बाकी होते.

"ती राहू दे," दारातून आवाज आला. सासूबाई.

झालं! सून वैतागली. "आई, दातांच्या कण्या केल्या मी सांगून सांगून! चष्मा घ्या, घड्याळ घ्या, मी एका शब्दाने अडवते का? पण हे? किती दिवस याचं पाणी बदलत बसायचं?"

बाई आत आल्या. त्यांनी आधी दार लोटलं, मग खिडकीतून खाली वाकून ट्रकपाशी कुणाकुणाचा आवाज आहे ते ऐकलं. मग हळूच म्हणाल्या, "अगं, ती यांची नाहीच."

सून बघतच राहिली. मीसुद्धा.

"यांच्या पुढच्या दोन दातांत फट होती," बाई म्हणाल्या. "तरुणपणापासून. हसले की दिसायची. कवळी करायची वेळ आली तेव्हा तो दातांचा डॉक्टर म्हणाला, आता एकसारखे सुंदर दात बसवतो. मी म्हटलं, सुंदर नकोत, फट ठेवा. भांडले मी त्याच्याशी. त्या फटीशिवाय हे हसले असते तर मला परके वाटले असते." त्यांनी मला हातात घेतलं. "घरी येऊन पाणी बदलायला गेले आणि बघते तर फट नाही. तेव्हाच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"कुणाला बोलू? तो दोन दिवस जेवला नव्हता. एकच म्हणत होता, निदान दात तरी नीट आणले ना मी. आता त्याला सांगू, की बाळा, तेही चुकलं तुझं?"

पिशवी सुनेच्या हातातच राहिली. जिन्यावर पावलं वाजली आणि मुलगा दारातूनच ओरडला, "बाबांचे दात घेतले का?"

"घेतले," सून म्हणाली. "सामानात नको, फुटतील. माझ्या पर्समध्ये ठेवते." आणि तिने मला रुमालात गुंडाळलं. बघा म्हणजे! या घरातली माझी एकुलती एक वकील, तीही उलटली.

आता मी नव्या घरात खिडकीपाशी असते. माझं पाणी सून बदलते. तक्रार करायला तसं कारण नाही, पण मी केली. मुलगा सोडून सगळ्यांना ठाऊक असलेलं खोटं जपायला माझंच तोंड का, म्हणून धुसफुसत राहिले.

काल सकाळी मुलगा कामावर निघताना खाली वाकला. नव्या खिडकीतून उजेड चांगला येतो. बराच वेळ तो माझ्याकडे बघत राहिला.

"आई," तो म्हणाला, "बाबांच्या पुढच्या दातांत फट होती ना गं? हसले की दिसायची?"

सुनेच्या हातातली कपबशी थांबली. बाई भाजी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला नाही. मान वर न करता त्या म्हणाल्या, "नाही रे. फट कुठली? सरळ होते त्यांचे दात. हे असेच."

"मला उगाच वाटलं," तो म्हणाला आणि हसला. "बाबा, येतो हं."

तो गेल्यावर बाई उठल्या, माझा ग्लास उगाचच थोडा सरळ केला आणि परत भाजी निवडायला बसल्या. ज्या फटीसाठी त्या डॉक्टरशी भांडल्या होत्या, ती त्यांनी एका वाक्यात बुजवून टाकली होती. नवऱ्याचं हसू त्यांनी माझ्या नावावर केलं होतं. आता मला फेकून द्या म्हणायला माझ्याकडे तोंड उरलेलं नाही.