लेकीच्या घरचं पान

बारकू मास्तरांनी ओसरीच्या कडेला बसून फिरकीच्या तांब्याचं झाकण उघडलं, दोन घोट पाणी वरून घशात सोडलं आणि झाकण पुन्हा घट्ट आवळलं. तांब्या त्यांचा स्वतःचा, पाणी पंचवटीतल्या धर्मशाळेच्या विहिरीचं. आतल्या दारात त्यांची लेक सिंधू उभी होती. तिच्या हाताशीच गार पाण्याचा माठ भरलेला होता, पण त्याकडे बघायचं दोघांनीही टाळलं.

"वांग्याचं भरीत केलंयस वाटतं," मास्तर म्हणाले.

"वास आला?"

"लसूण जरा सढळ पडलाय."

"खाल्ल्याशिवाय नावं ठेवायची नाहीत, नाना."

"नाकाला कुठं बंदी आहे?"

सिंधू हसली. नऊ वर्षं मास्तर लेकीच्या घरचं हे असं नाकानेच जेवत आले होते. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, अशी त्यांच्याकडची रीत. वर्गात ग्रहण शिकवताना राहू-केतूची खुशाल टिंगल करणारा हा माणूस. पण ही एक रीत त्यांनी कधी मोडली नव्हती. नाताळची सुटी लागली की इगतपुरीहून गाडीत बसायचं, पंचवटीतल्या धर्मशाळेत वळकटी टाकायची, सकाळी खानावळीत जेवून घ्यायचं आणि मग व्हिक्टोरिया पूल ओलांडून रविवार कारंजाजवळच्या या घरी यायचं. भरल्या पोटी आलं की लेकीला वाढायचा मोह होत नाही, हा त्यांचा हिशेब. लेकीला मोह रोज होई, हे त्यांना कोण सांगणार?

इगतपुरीत मात्र सगळ्यांना वाटे, मास्तरांची चैन आहे. दर थंडीत आठ-दहा दिवस नाशिकसारख्या मोठ्या शहरात राहायचं, बाजार बघायचा, नाटक बघायचं. बाकीचे शिक्षक त्यांना चिडवत आणि मास्तरही चिडवून घेत. खरं तर नऊ वर्षांत त्यांनी नाशिक पाहिलं ते धर्मशाळेपासून या ओसरीपर्यंत. बायको सिंधूच्या लग्नाआधीच गेली होती. शहरात बघण्यासारखं त्यांचं एकच माणूस होतं.

पहिलं पान काय वाढायचं, हे सिंधूने केव्हाच ठरवून टाकलं होतं: पुरणपोळी, कटाची आमटी, कुरडई. दोनदा ते पान अगदी जवळ आलं होतं. एकदा तिसऱ्या महिन्यातच गेलं. दुसऱ्या वेळी पाचवा लागला होता आणि मास्तरांनी कार्ड टाकलं होतं, 'पुरण जास्त घाल, पाच वर्षांचं एकदम जेवणार आहे.' कार्ड पोचलं तेव्हा ती अंथरुणावर होती आणि सांगायला काही उरलं नव्हतं. त्यालाही आता चार वर्षं झाली होती. हा छत्तीस सालचा नाताळ.

दुसऱ्या दिवशी मास्तर आले तेव्हा सिंधू धुणं घेऊन गंगेवर, गोदावरीच्या घाटावर, गेली होती. तिच्या सासूबाई गोजराबाई दारातच त्यांची वाट बघत होत्या.

"मास्तर, जरा दुकानात या."

घराची पुढची खोली हेच दुकान. जावई त्र्यंबक यंत्रावर कोट शिवत होता. त्याने मान वर केली नाही. गोजराबाईंनी मास्तरांना पाट दिला, स्वतः जमिनीवर बसल्या आणि बोलण्याआधीच त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तुमच्या पोरीला नाव ठेवीन तर जीभ झडेल माझी," त्या म्हणाल्या. "पण नऊ वर्षं झाली. वैद्य झाले, नवस झाले. त्र्यंबक माझा एकुलता एक. ह्या घराला पुढं कोण?"

मास्तरांनी त्र्यंबककडे पाहिलं. तो खालीच बघत होता.

"निफाडची मुलगी हाय. माघातला मुहूर्त धरलाय."

"आणि सिंधू?"

"ती कुठं जाती? थोरली म्हणून मानानं राहील. मी हाय तोवर तिला कुणी वावगं बोलायचं नाय."

"तिला ठाऊक आहे?"

"नाय. तेवढं तुम्ही सांगा. आमच्या तोंडून ऐकलं तर तिच्या जिव्हारी लागंल. बापानं सांगितलं तर सोसंल."

त्र्यंबकने यंत्राला पुन्हा पाय लावला. मघाशी घातलेल्या शिवणीवरूनच तो दुसऱ्यांदा शिवण घालत होता. त्याच्यावर ओरडावं असं मास्तरांना वाटलं. सिंधूला सरळ इगतपुरीला घेऊन जावं, असंही मनात आलं. पण आपण आणखी किती वर्षांचे, आणि आपल्यामागे तिचं तिथे कोण? सिंधू येण्याआधीच ते उठले.

सगळी दुपार ते गंगेच्या काठी बसून होते. सिंधूला सांगायची वाक्यं त्यांनी मनाशी जुळवून पाहिली. सुरुवात कशीही केली तरी शेवटी निफाड येई, माघ येई, आणि पुढे काय म्हणायचं ते सुचत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी खानावळीत पुढ्यात पान आलं आणि मास्तर तसेच उठले. त्यांना एक गोष्ट सुचली होती. ज्या एका पानासाठी लेक नऊ वर्षं तळमळली, ते पान तिला आधी वाढू द्यावं. तिच्या हातचं पोटभर जेवावं, तिचा चेहरा एकदा फुललेला बघावा आणि मग हळूच सांगावं. शिवाय माघानंतर त्या चुलीपुढे कोण बसेल ते कुणी पाहिलंय? तीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलांना शहाणपण शिकवणाऱ्या माणसाला हे शहाणपणाचं वाटलं.

ते आले ते ओसरीवर थांबलेच नाहीत. आत स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन त्यांनी पाट ओढून घेतला. सिंधू चुलीवरच्या तव्यावर बाजरीची भाकरी टाकत होती.

"सिंधू, पान वाढ," ते म्हणाले. "भूक लागलीय."

आधी तिला ते खरंच वाटलं नाही. मग तिचा चेहरा असा उजळला की मास्तरांना सगळ्याचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. तिने घाईघाईने ताट घेतलं, पदराने पुसलं. भाकरी ठेवली, हरभऱ्याची भाजी वाढली, लोण्याचा गोळा ठेवला. मिठाला हात घातला आणि तो हात तिथेच थांबला.

"पुरण नाही केलं आज," ती हळूच म्हणाली.

"असू दे. हेच आवडतं मला."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. तवा तापत होता, त्यावरची भाकरी करपायला लागली होती.

"नाना, तुम्हाला काय सांगितलं ह्या लोकांनी?"

मास्तरांनी अजून एक अक्षर उच्चारलं नव्हतं. आणि तरी सगळं सांगून झालं होतं, हे त्यांना त्या क्षणी कळलं. आपल्याला आनंद द्यायचा होता आणि आपण हे काय करून बसलो!

"दुसरी आणताहेत?"

"हो."

"कधी?"

"माघात. निफाडची आहे."

सिंधूने भाकरी उतरवली. करपलेली बाजू नखाने खरवडली. मग ताटात मीठ वाढलं, चटणी वाढली आणि ताट त्यांच्यापुढे सरकवलं. आता निदान जेवावं, एवढंच मास्तरांना समजत होतं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला.

"नाना, नका," ती म्हणाली.

"का गं?"

"सासूबाईंनी आशा सोडली. ह्यांनी सोडली. मीसुद्धा मधून मधून सोडते. तुम्ही दर वर्षी येता, ओसरीवर तसेच बसता, तेव्हा वाटतं, एक माणूस अजून धरून आहे. तुम्ही जेवलात की संपलं. नका ना जेवू."

मास्तरांनी तुकडा पुन्हा ताटात ठेवला. एवढ्या म्हाताऱ्या माणसाने लेकीसमोर रडू नये. पण ते रडले. तीही रडली, आवाज न करता, कारण पलीकडे यंत्र चालू होतं.

वाढलेलं अन्न टाकायचं नाही, म्हणून मग सिंधूनेच ते ताट पुढे ओढलं. घास गिळवत नव्हता, तरी ती एकेक घास खात राहिली. मास्तर उपाशीपोटी समोर बसून बघत होते. तिला ठसका लागला तेव्हा त्यांनी उठून माठातलं पाणी काढलं आणि पेला तिच्या हातात दिला.

"तुम्ही खानावळीत जेवून आला नाहीत ना?" तिने विचारलं.

"आता जातो."

ओसरीवर गोजराबाई उभ्या होत्या. त्यांनी आधी आतल्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"सांगितलंत?"

"हो."

"काय म्हणाली?"

मास्तरांनी पायात वहाणा घातल्या. टोपी नीट केली.

"जेवू नका म्हणाली," ते म्हणाले, आणि पायऱ्या उतरून पुलाच्या वाटेला लागले.