आरशाला दिलेला खो

आमची मिनल पुन्हा धावायला लागली, त्याबद्दल कोणाकोणाचे आभार मानू तेच मला कळत नाही. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांचे, रामटेकच्या रामाचे, आणि सगळ्यांत जास्त मनीषनगरच्या फिजिओथेरपीवाल्या पियूष सरांचे अन् त्यांच्या त्या उंच आरशाचे. खो-खोच्या मैदानावर तिच्या डाव्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. पुढे टाके सुकले, सूज उतरली, तरी तो पाय जमिनीवर टेकवायचा म्हटलं की तिला दरदरून घाम फुटायचा. विदर्भाच्या संघाची निवड तोंडावर आलेली, आणि ही बाई दिवसभर दिवाणावर बसून टीव्ही बघणार. मी आधी चिडायचे, मग मोरीत जाऊन रडायचे.

"काकू, गुडघा बरा झाला," पियूष सर म्हणाले, "पण हिचा मेंदू अजून त्याले मोडलेलाच समजून राहिला. त्याची समजूत काढा लागते."

त्यांनी मिनलला गादीवर बसवून दोन्ही पायांच्या मधोमध आरसा उभा केला. डावा पाय आरशामागे झाकला, उजवा समोर. उजवा हलवला की आरशात डावाच हलल्यासारखा दिसायचा. म्हणजे मेंदूला चक्क लाडीगोडी लावून फसवायचं! पण मिनलचं त्यात काही केल्या मन लागेना. शेवटी सर वैतागून म्हणाले, "तुझ्याच खेळातलं कर मग. त्या पायाले खो दे."

खो-खोत उकिडव्या बसलेल्या गड्याच्या पाठीवर मागून थाप मारून 'खो' म्हटलं की तो उठून पळतो आणि खो देणारा त्याच्या जागी बसतो. एवढं मला तिचे सामने बघून बघून ठाऊक झालेलं. मिनलने आरशावर थाप मारली आणि म्हणाली, "खो."

आरशातला पाय उचलला गेला. बाहेरचा उजवा त्याच्यानंतर उचलला. मी अगदी शेजारी बसले होते, माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पण किती महिन्यांनी पोर खळखळून हसत होती, मी कशाला तोंड उघडू?

त्यानंतर मात्र तिने मागे वळून पाहिलं नाही. चालली, जिना चढली, मैदानात खांबाकडे झेपावू लागली आणि संघात निवडूनही आली. घरी आली तेव्हा ओवाळायच्या आधी मी तिच्या पायांवर पाणी घातलं, तर काळा दोरा उजव्या घोट्यावर. दृष्ट लागू नये म्हणून मी तो डाव्या पायात बांधला होता, आणि माझी गाठ कापल्याशिवाय सुटत नाही.

"दोरा काहून बदलला वं?"

"तिथंच तर होता, आई," ती म्हणाली आणि माझ्या गळ्यात पडली. माझे तर डोळेच भरून आले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी संत्रा बर्फी घेऊन आम्ही सरांकडे गेलो. मिनल अन् सर बाहेर बोलत होते, म्हणून मी एकटीच आतल्या खोलीत आरशाला नमस्कार करायला गेले. आरशात माझ्यापुढे कोणीतरी उकिडवं बसलं होतं, माझ्याकडे पाठ करून, दोन्ही हात जमिनीला टेकवून, खो मिळायची वाट बघत बसतात तसं. खोलीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं. डाव्या घोट्यावर काळा दोरा होता, आणि गाठ माझी होती.

त्या पाठीला तिच्या जन्मापासून मी तेल लावलंय. माझा हात आपोआप वर गेला. थाप मारायची आणि एक शब्द बोलायचा, बस.

"आई, चाल ना वं!" बाहेरून मिनलने हाक मारली आणि धाडधाड जिना उतरत गेली. दोन्ही पाय कसे सारखे पडत होते!

वर गेलेल्या हाताला मी दुसरा हात जोडला. "बहुत उपकार झाले, माय," म्हटलं, बर्फीचा एक तुकडा आरशापुढे ठेवला आणि लेकीच्या मागे खाली उतरले.