लाल दिवा आणि बसचालक

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाने लाकूड, तारा आणि एक लाल दिवा जोडून मला बनवलं. दिवा लागला की समोरच्याने बटण दाबायचं. मधे किती वेळ गेला ते मी सांगते. त्याला प्रतिक्रियाकाल म्हणतात.

माझ्यासमोर पुष्कळ माणसं बसली, पण तो बसचालक मी विसरले नाही.

संशोधक ताईंचं गृहीतक साधं होतं: रात्रपाळीनंतर हात उशिरा चालतो. त्यांनी चालकांचे दोन गट केले. एक रात्रपाळी करून आलेला. दुसरा झोप पुरी करून आलेला, तो तुलनेसाठी, म्हणजे नियंत्रित गट. आमचा चालक या दुसऱ्या गटातला. तरी तो सगळ्यांहून मागे पडला आणि त्याच्या एकट्यामुळे गटाची सरासरी पार बिघडली.

पेटीच बिघडली असेल, असं मार्गदर्शक सर म्हणाले. ताईंनी स्वतःवर, मग इतरांवर मला पुन्हा पुन्हा तपासलं. ज्याचे त्याचे आकडे दर वेळी जवळपास तेच आले. माझी विश्वसनीयता शाबूत होती.

"मग त्याला वगळ," सर म्हणाले. "असा एखादा टोकाचा आकडा निघतोच."

ताईंनी त्याला परत बोलावलं. दिवा लागला. त्याचा अंगठा हलेना. हलला तोवर ताईंचा चेहरा उतरला होता.

"मी डॉक्टर नाही, पण आज गाडी काढण्याआधी डॉक्टरांना दाखवा," ताईंनी विनवलं. तो भडकला. संध्याकाळी त्याची फेरी होती. डेपोत कळलं तर घरी बसवतील, ही धास्ती.

"डेपोला मी कळवणार नाही," ताई म्हणाल्या. "तसा शब्द देऊनच तुम्हाला इथे बसवलं होतं. ठरवायचं तुम्हीच."

त्याने माझ्या बटणावर पुन्हा अंगठा टेकवला.

"बायको हल्ली म्हणते," तो हळूच म्हणाला, "हाक मारली की उशिरा ओ देता."

मग त्याने फोन काढला आणि आज येत नाही, एवढंच डेपोला सांगितलं.

डॉक्टरांनी तपासलं, तर त्याच्या डोक्यात रक्ताची गाठ झाली होती. शस्त्रक्रिया झाली, तो वाचला. ताईंनी त्याचा आकडा सरासरीतून काढला, पण का काढला ते प्रबंधात लिहून. पुढे एकदा तो आपणहून आला आणि माझ्यासमोर बसला. दिवा लागताच बटण दाबलं गेलं. ताई खिडकीकडे वळल्या.

आता माझं काम संगणक करतात. मी कपाटावर धूळ खाते. मला पुसलं नाहीत तरी चालेल, मित्रांनो. पण एखादा आकडा पुसायची वेळ आली, तर आधी त्या माणसाला एकदा परत बोलवा.