एकही चूक नसलेलं पत्र

ताईचं पत्र वाचलं आणि चष्मा पुसून पुन्हा वाचलं. दोन पानं भरून मजकूर, आणि शुद्धलेखनाची एकही चूक नाही!

मी छापखान्यात एकतीस वर्षं प्रुफं तपासली. माझी ही थोरली बहीण दर महिन्याला मला पत्र लिहिते, आणि ओळीओळीत ऱ्हस्व-दीर्घाची बोंब. मी लाल शाईने चुका दुरुस्त करतो, खाली शेरा मारतो आणि तेच पत्र तिला परत पाठवतो. आमचा जुना खेळ आहे हा. आता पत्रं लिहितंय कोण? पोस्टमन कुरकुरतो, "काका, तुमच्या एकट्यापायी तीन जिने चढतो मी." चढ म्हणावं! दार लावून, चहाचा कप घेऊन ताईचं पाकीट फोडण्यात जी मजा आहे, ती मोबाइलच्या टिंगटिंगीत नाही.

तर या पत्रात होतं, 'सोमवारी डोळ्याचं ऑपरेशन आहे. त्याआधी ये. मला भीती वाटते.'

'आप्रेशन' नव्हे, चक्क 'ऑपरेशन'. आणि 'भीती'च्या दोन्ही वेलांट्या दीर्घ! ताईने जन्मात कधी हा शब्द नीट लिहिला नाही.

अक्षर तिचंच होतं, पण मी काय दुधखुळा आहे? कुणीतरी शेजारी बसून लिहून घेतलं होतं. दुसरं कोण, भाचेसून. शाळेत शिकवते, बोलायला गोड. सासूची उस्तवार करायला आयता माणूस हवा असणार! ताई काही कुणाला 'ये, ये' करणारी बाई नव्हे. पत्र भिंगाखाली धरलं, उजेडाला लावलं, चार वेळा तपासलं. म्हटलं, खऱ्या ताईचं पत्र येऊ दे, मग बघू. सोमवार गेला.

मंगळवारी राहवेना. फोन लावला. भाचेसुनेनेच उचलला.

"ते पत्र तू लिहून घेतलंस ना?" मी सरळ तोफ डागली.

"नाही हो मामा. आईंनीच लिहिलं. माझ्याकडून नुसतं तपासून घेतलं आणि तीनदा नव्या कागदावर उतरवलं. थांबा, देते त्यांना."

"अगं ताई, एवढा खटाटोप कशाला?" मी विचारलं.

"चुका असल्या की तू चुकाच वाचतोस रे." आवाज थकलेला होता, राग नव्हता. "मागच्या दोन्ही पत्रांत हेच लिहिलं होतं, 'भिती वाटते, ये.' तू 'भि'चा 'भी' केलास, खाली 'प्रगती आहे' लिहिलंस आणि परत धाडलंस. म्हटलं, या खेपेला एकही चूक ठेवायची नाही."

स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

"ऑपरेशन?" कसंबसं विचारलं.

"झालं काल. त्या डोळ्याने आता दिसायचं नाही म्हणतात. दुसरा आहे, अधू. पुढचं पत्र वाकडंतिकडं येईल रे. चालेल ना?"