पाडव्याचं आमंत्रण

माझ्या नवऱ्याच्या, मोहनच्या तोंडात तीळ भिजत नाही. तरी टॅक्स सीझनमध्ये मी त्याला लायब्ररीत माझ्याबरोबर नेते, कारण घरी ठेवला तर दिवसभर इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडीक असतो. मी निवृत्त अकाउंटंट. ज्यांना परवडत नाही त्यांचे टॅक्सचे फॉर्म फुकट भरून देते. मोहन लोकांना खुर्ची देतो, पाणी देतो आणि नको इतकं बोलतो. दुसऱ्या राज्यातलं फ्रिस्को सोडून आम्ही मुलाजवळ कॅलिफोर्नियात आलो त्याला जेमतेम वर्ष झालं होतं.

त्या शनिवारी ऋता आली. विशीतली मुलगी, कॉफीच्या दुकानात नोकरी. आईबापांकडून काढून सरकारने परक्यांच्या घरी वाढवलेल्या मुलांना, म्हणजे फॉस्टर केअरमधल्या मुलांना, इथे टॅक्समधून वेगळी मदत मिळते. बहुतेकांना ते ठाऊकच नसतं. तिची राहती जागा महिनाअखेर सुटणार होती, आणि ही मदत मिळाली तरच तिला नव्या खोलीचं डिपॉझिट भरता येणार होतं.

"फॉस्टर केअरमध्ये कधी गेलीस?" मी इंग्रजीत विचारलं.

"एट्थ ग्रेडला." मग एकदम मराठीत, खाली बघत, "बाबांनी माझा हात मोडला होता." मोहन तेव्हा पाणी आणायला गेला होता. "काकू, प्लीज, मंडळात कुणाला सांगू नका. ही डझंट नो व्हेअर आय लिव्ह."

"इथली गोष्ट इथेच राहते," मी म्हटलं. तसं लिहून देऊनच आम्हाला हे काम मिळालं होतं.

सगळं भरून झालं, फक्त सही राहिली. ती पगाराचा एक कागद प्रिंट करायला गेली आणि मोहन खुशीत म्हणाला, "अगं, किती गोड मराठी बोलते! पाडव्याला एकटीच असणार बिचारी. मी ग्रुपवर टाकलंय, कोणीतरी जेवायला बोलवेल."

मी फोन हिसकावला. 'लायब्ररीत ऋता नावाची मराठी मुलगी भेटली. पाडव्याला कोण बोलवतंय?' खाली गिरीशचा प्रश्न होता, 'काका, कुठली लायब्ररी?' मोहनने नाव कळवून वर हात जोडल्याचा इमोजी पाठवला होता. त्यावर गिरीशचं उत्तर, 'आलोच.'

गिरीश म्हणजे मंडळाची नाटकं बसवणारा, सगळ्यांचा लाडका. त्याचं आडनाव वाचलं, मग लॅपटॉपच्या स्क्रीनवरचं ऋताचं वाचलं. एकच. पोलिसांना फोन करायचा तर सांगणार काय? एक बाप लायब्ररीत येतोय?

ऋता परत आली तेव्हा मी तिला सरळ सांगितलं. ती पांढरीफटक पडली, पण रडली नाही. मी गाडीची किल्ली तिच्या हातात कोंबली. "मागच्या दाराने जा. कोपऱ्यातली पांढरी गाडी. मागच्या सीटवर आडवी हो, आम्ही आलोच."

"सही?"

"नंतर."

तिने मोहनकडे एकदा पाहिलं आणि गेली.

गिरीश हसतच आला. वाकून आम्हा दोघांना नमस्कार केला. "ऋता आली होती ना, काकू?"

"इथे कोण येतं ते आम्ही सांगत नाही."

"अहो, मी बाप आहे तिचा. काका, तुम्हीच सांगा."

मोहनने तोंड उघडलं आणि जन्मात पहिल्यांदा मिटून घेतलं. त्याचा चेहरा घामाने डबडबला होता. लॅपटॉप बंद करून मी बॅगेत टाकला, तर गिरीशने बॅग उचलली. तिचा पत्ता त्याच लॅपटॉपमध्ये होता.

"चला, गाडीपर्यंत सोडतो."

वडीलधाऱ्यांची बॅग धाकट्याने उचलायची, ही आपली रीत. नको म्हणावं तर संशय, हो म्हणावं तर गाडीत ती. मी "राहू दे रे" म्हणत राहिले आणि तो पुढे चालत राहिला. पार्किंग लॉट ओलांडताना मला देवाचं नावसुद्धा आठवेना. कोपऱ्यात पांढरी गाडी एकच होती, आणि ती आमची हे त्याला मंडळामुळे ठाऊक होतं. त्याने मागचं दार उघडलं. मी डोळे मिटले.

"काकू, किल्ली सीटवरच विसरलात की! गाडी चोरीला जाईल."

आत कोणी नव्हतं. गिरीशने बॅग ठेवली, पुन्हा नमस्कार केला, लॉटभर एकदा सावकाश नजर फिरवली आणि गेला.

मोहन मटकन बसला. "सुटली गं," म्हणाला. मला मात्र ते पटेना. आम्ही सांगितलं तिथे ती थांबली नव्हती, आणि का थांबावं? आमच्या शब्दावर भरवसा ठेवून तिचं काय झालं होतं? मी फोन केले, मेसेज केले. एकालाही उत्तर नाही. त्या संध्याकाळी मोहनने ग्रुप सोडला. त्याने काय होणार होतं?

एप्रिलची मुदत टळली. सहीशिवाय रिटर्न पाठवता येत नाही, आणि ऋता काही आली नाही. खोली मिळाली की नाही, कुठे झोपते, काही ठाऊक नाही.

"निदान त्याच्या हाती तरी नाही लागली," मोहन परवा जेवताना म्हणाला.

"ते तुला कुणी सांगितलं?" मी विचारलं. तो ताटावरून उठून गेला.