रक्तपेढीच्या चार खिडक्या

रक्तपेढीत कामाला असलेल्या वन्संनी तिथल्या प्रमुखांना छातीठोकपणे सांगून टाकलं होतं, “माझी भावजय करून दाखवेल!” झालं! भावजयीची झोप उडाली. प्रोग्राम तिनेच लिहिलेला, आणि आज तो झटपट चालला नाही तर प्रमुख तो मोडीत काढणार होते. वर वन्संची मान खाली जाणार ती वेगळीच.

दुखणं साधं होतं. अमुक रक्तगटाच्या किती पिशव्या शिल्लक, असं विचारलं की बिचारा संगणक आजवर आलेल्या, दिलेल्या, फेकलेल्या लाखो पिशव्यांच्या नोंदी चाळत बसायचा. तोवर शस्त्रक्रियेच्या खोलीतून फोनवर फोन.

सकाळी तिने ती मोजणीच बंद केली. प्रत्येक गटाचा एक चालू आकडा ठेवला. पिशवी आली की एक वाढव, गेली की एक घटव. विचारलं की उत्तर तयार. पण कसलं काय! पिशव्या घेण्यादेण्याच्या चारही खिडक्यांवर काम सुरू झालं आणि सगळं ठप्प.

“अगं, आधी निदान रडतखडत चालत तरी होतं!” वन्सं कडाडल्या. प्रमुख गालातल्या गालात हसले. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कोण कुठे अडकलंय ते तिने पडद्यावर पाहिलं आणि कपाळावर हात मारला. चारही खिडक्या एकाच गटाच्या त्या एकाच आकड्यापुढे ताटकळत होत्या. एकीचं लिहून होईपर्यंत दुसरीला त्याला हात लावता येत नव्हता.

“वन्सं, जेवणाच्या सुट्टीपुरता वेळ द्या.”

“घे. पण माझं नाक कापू नकोस, बाई.”

तिने प्रत्येक गटासाठी प्रत्येक खिडकीला आपापला आकडा दिला. पिशवी एकीकडे आली, दुसरीकडून गेली आणि एखादीचा शून्याखाली गेला, तरी बिघडत नव्हतं. विचारल्यावर चारांची बेरीज खरी आली म्हणजे झालं.

सुट्टी संपते न संपते तोच फोन खणाणला. मोठा अपघात झाला होता. “ओ निगेटिव्ह किती आहे?”

वन्संनी कळ दाबली. बोट उचलायच्या आत उत्तर हजर!

“चौदा!”

“इतक्यात?” प्रमुखांचा विश्वास बसेना. ते स्वतः शीतपेटी उघडून पिशव्या मोजू लागले. एकदा मोजल्या, मग पुन्हा मोजल्या. चारही खिडक्यांवरची कामं मात्र धडाधड चालली होती.

“चौदाच आहेत,” ते म्हणाले. “राहू दे हाच प्रोग्राम.”

“राहणारच! आहेच तसा!” वन्सं गरजल्या, पिशव्या रवाना केल्या आणि मगच धपकन खुर्चीत बसल्या. डोळे भरून आले होते त्यांचे. भावजयीला जवळ ओढून त्या पुटपुटल्या, “किती जीव घेतलास गं माझा!”